मोपा ते लिस्बन: अंतर किती आणि घरातून निघाल्यापासून तास किती?

गोव्यात साखळीला माझं झेरॉक्स-प्रिंटचं दुकान आहे. जन्मदाखल्याच्या प्रती, जुन्या पोर्तुगीज कागदांचे स्कॅन, व्हिसाचे फॉर्म हे सगळं रोज हाताखालून जातं, आणि त्याच ओघात विमानाची तिकिटंही. तिकिटाचा कागद यंत्रातून बाहेर पडतो न पडतो तोच काउंटरपलीकडून प्रश्न येतो, "तिथं पोचायला किती तास लागतात हो?" गंमत अशी की उत्तर त्याच कागदावर छापलेलं असतं, तरी चारजणांनी वाचलं तर चार आकडे निघतात. कोणी सुटायची वेळ पोचायच्या वेळेतून वजा करतो आणि "पावणेनऊ तास" म्हणतो. कोणी मोबाईलवर 'गोवा ते पोर्तुगाल' टाइप करतो आणि भलताच आकडा घेऊन येतो.

मी हा हिशेब हाताने करायला शिकलो तो गरजेपोटी. माझी आत्या पंचाहत्तरीची, तिला मुलाकडे लिस्बनला जायचं होतं, आणि तिची गोळ्यांची वेळ कुठल्या घड्याळाप्रमाणे धरायची हे कोणालाच नीट सांगता येईना. तेव्हा एका रात्री बसून सगळं मांडलं. तीच रीत इथे देतो. उदाहरण मोपा-लिस्बनचं घेतलंय, पण लंडन असो की टोरांटो, पायऱ्या याच.

पायरी पहिली: गावं नको, विमानतळ पकडा

'गोवा' हे अंतर मोजायला निरुपयोगी ठिकाण आहे. आपल्याकडे दोन विमानतळ आहेत. दाबोळी, म्हणजे तीन अक्षरी कोड जीओआय. आणि पेडणे तालुक्यातलं मोपा, म्हणजे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, कोड जीओएक्स; तिथून प्रवासी विमानं उडायला लागली ५ जानेवारी २०२३पासून. दोन्हींमध्ये सरळ आकाशातून ३९ किलोमीटर. आठ हजार किलोमीटरच्या प्रवासात हे काहीच नाही. पण काणकोणहून निघणाऱ्याला मोपा शंभर किलोमीटरच्या आसपास पडतं आणि बांदा-सावंतवाडीकडच्या माणसाला ते दाराशी आहे. म्हणून विमानाच्या हिशेबात कोडने फारसं बिघडत नाही, गाडीच्या हिशेबात मात्र तोच सगळं ठरवतो.

अंतर सांगणाऱ्या बऱ्याच साइट 'गोवा' म्हटलं की राज्याचा मध्य धरतात आणि 'पोर्तुगाल' म्हटलं की देशाचा मध्य. विमान काही देशाच्या मध्यावर उतरत नाही. त्यामुळे नेहमी कोड टाका: मोपाचा जीओएक्स आणि लिस्बनचा एलआयएस. ग्रेट सर्कल मॅपर नावाची जुनी साइट आहे, तिथे दोन कोड मध्ये आडवी रेघ देऊन टाकले की अंतरही मिळतं आणि नकाशावर रेघही दिसते. ज्याला एवढंच हवंय त्याने पुढची पायरी सोडून दिली तरी चालेल. मला मात्र आकडा कुठून आला हे कळल्याशिवाय चैन पडत नाही.

पायरी दुसरी: अंतर स्वतः काढा, एकदा दोऱ्याने, एकदा कॅल्क्युलेटरने

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. पृथ्वी गोल आहे, नकाशा सपाट करताना तिला ओढूनताणून बसवलेलं असतं, आणि विषुववृत्तापासून जितकं लांब तितकी ती ओढाताण जास्त.

त्यापेक्षा शाळेत असतो तसा पृथ्वीगोल घ्या. माझ्या पुतण्याचा आहे, जरा चेपलेला, पण कामाला येतो. शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, एक टोक गोव्यावर अंगठ्याने दाबलं, दुसरं लिस्बनवर नेऊन ताणलं. ताणल्यावर दोरा आपोआप सर्वांत आखूड वाटेवर जाऊन बसतो. पुतण्याला वाटत होतं तो अरबस्तानाच्या मधोमध जाईल. दोरा मात्र घसरून वर इराणच्या काठाला लागला. या सर्वांत आखूड वाटेला भूगोलाच्या पुस्तकात बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात. मग तोच दोरा पट्टीवर धरला: साडेएकोणीस सेंटिमीटर. गोलाच्या पोटाभोवती, विषुववृत्तावरून, दोरा फिरवला तर ९४ सेंटिमीटर. ते ९४ म्हणजे पृथ्वीचा घेर, ढोबळ ४०,००० किलोमीटर. त्रैराशिक मांडा: १९.५ गुणिले ४०,०००, भागिले ९४. आले ८,३०० च्या जवळ. चेपलेल्या गोलावर, शिवणाच्या दोऱ्याने!

आता कॅल्क्युलेटर. मोबाईल आडवा धरला की साइन, कॉस असलेलं कॅल्क्युलेटर उघडतं. ते रेडियनवर नसून अंशांवर आहे ना हे आधी बघा. निम्म्या चुका इथेच होतात. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये धावपट्टीवर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश मिळतात. पहिला आकडा अक्षांशाचा, दुसरा रेखांशाचा.

मोपा: अक्षांश १५.७३ उत्तर, रेखांश ७३.८७ पूर्व.
लिस्बन: अक्षांश ३८.७७ उत्तर, रेखांश ९.१३ पश्चिम.

एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला, म्हणून रेखांशांची बेरीज करायची: ८३.००. दोन्ही पूर्वेला असते तर वजाबाकी केली असती. मग असं:

साइन १५.७३ × साइन ३८.७७ = ०.२७११ × ०.६२६२ = ०.१६९८
कॉस १५.७३ × कॉस ३८.७७ × कॉस ८३ = ०.९६२६ × ०.७७९७ × ०.१२१९ = ०.०९१५
दोन्हींची बेरीज ०.२६१३
तिचा उलटा कॉस (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) = ७४.८५ अंश

म्हणजे पृथ्वीच्या मध्यातून पाहिलं तर मोपा आणि लिस्बन यांच्यामध्ये ७४.८५ अंशांचा कोन आहे. एका अंशाला १११.२ किलोमीटर, तेव्हा ७४.८५ × १११.२ = ८,३२३ किलोमीटर. आपण ८,३२० धरू. वैमानिक किलोमीटर वापरत नाहीत, सागरी मैल वापरतात. तो १,८५२ मीटरचा, आणि मुळात एका अंशाचा साठावा भाग म्हणूनच जन्माला आलेला. त्यामुळे त्यांचा हिशेब आपल्याहून सोपा: ७४.८५ × ६० = सुमारे ४,४९० सागरी मैल.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, म्हणून काटेकोर मोजणीत या आकड्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. दाबोळीहून मोजलंत तर साधारण २० किलोमीटर वाढतील. एवढ्यावरून कोणाशी वाद घालू नका.

पायरी तिसरी: रेघ कुठून जाते ते बघा

ही पायरी लोक सोडून देतात, आणि तिकीट निवडताना नेमकी तीच लागते.

मोपाहून ही रेघ वायव्येला निघते. अरबी समुद्र ओलांडून ओमानच्या आखाताच्या तोंडाशी येते, इराणच्या दक्षिण भागावरून पर्शियन आखाताच्या वरच्या टोकाला जाते, मग इराकमध्ये नजफच्या जवळून, सीरियावरून, सायप्रसच्या बाजूने भूमध्य समुद्रात. पुढे ग्रीसमधलं पात्रास, सार्डिनिया बेटाचा दक्षिण भाग, स्पेनचा मधला पठारी मुलूख, आणि लिस्बन.

आता बातम्या आठवा. २०२५च्या जूनमध्ये इराण आणि इराकचं आकाश बंद झालं होतं, कतारचंही काही तास. अशा वेळी विमान सौदी-इजिप्तच्या बाजूने वळसा घेतं आणि कागदावरचे ८,३२० तसेच कागदावर राहतात. एरवीसुद्धा विमानं आखलेल्या हवाई मार्गांवरून जातात, दोऱ्यासारखी ताणून नाही. मी सरळ अंतरात तीन ते सहा टक्के वाढ धरतो.

आणि थांबा? सरळ विमान नसलं की एक थांबा आलाच. थांबा म्हटला की आपल्या मनात "उगाच लांबून जातोय" असं येतं. मांडून बघू. मोपा ते दोहा २,५४५ किलोमीटर. दोहा ते लिस्बन ५,८१२. बेरीज ८,३५७. म्हणजे सरळ रेघेपेक्षा जेमतेम ३५ किलोमीटर जास्त! दोहा रेघेपासून तीनशे किलोमीटरहून अधिक बाजूला आहे, तरी एवढाच फरक. लांबलचक दोरी मधे थोडी बाजूला ओढली तर तिची लांबी फारशी वाढत नाही, त्यातलाच हा प्रकार.

याच्या उलट दिल्ली. आपल्याला वाटतं दिल्ली वाटेतच आहे, कारण तीही वरच्या बाजूला. मोपा ते दिल्ली १,४६४, दिल्ली ते लिस्बन ७,७६८. बेरीज ९,२३२. नऊशे किलोमीटरचा वळसा, म्हणजे हवेतला तासाहून जास्त वेळ. त्यात एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या विमानांना दक्षिणेकडून फिरून जावं लागलं. आपली मोपाची रेघ पाकिस्तानच्या जमिनीवरून जातच नाही, समुद्रावरून जाते. मुंबईमार्गे बेरीज ८,४०० च्या आसपास, म्हणजे अंतराने मुंबई चांगली. पण सामान परत ताब्यात घेऊन टर्मिनल बदलावं लागणार असेल तर अंतरातला फायदा तिथल्या रांगेत जातो.

म्हणून थांबा निवडताना मी दोन्ही टप्प्यांची बेरीज करतो आणि सरळ अंतराशी ताडून बघतो. शे-दोनशे किलोमीटरचा फरक असला तर विसरा. हजाराकडे गेला की भाडं खरंच तेवढं कमी आहे का ते विचारा.

(जाता जाता: ही वाट आपल्याकडे नवी नाही. पोर्तुगीज अमदानीत १९५५ साली सुरू झालेली एक सरकारी विमानसेवा दाबोळीहून कराचीला आणि पुढे लिस्बनकडे जात असे. डिसेंबर १९६१मध्ये दाबोळीच्या धावपट्टीवर भारतीय हवाई दलाने बॉम्ब टाकले आणि तिचा अवतार संपला. माझे आजोबा त्या विमानाच्या आवाजावर घड्याळ लावायचे असं घरात सांगतात. खरं-खोटं देव जाणे.)

पायरी चौथी: अंतराचे तास करा

मोठं जेट विमान साधारण अकरा-बारा किलोमीटर उंचीवर उडतं. तिथल्या थंडीत आवाजाचा वेग ताशी १,०६० किलोमीटरच्या घरात असतो. लहान विमानं त्याच्या ७८ टक्के वेगाने जातात, लांब पल्ल्याची ८५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे ताशी ८३० ते ९००. पण हा झाला हवेतला वेग. हवा स्वतःच चालत असेल तर?

उत्तर भारतापासून अरबस्तान-भूमध्य समुद्रापर्यंत वरच्या थरात हिवाळ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. लिस्बनला जाताना तो तोंडावर येतो, परतताना पाठीवर. ताशी ८५०ने जाणाऱ्या विमानाला १००चा वारा समोरून आला तर दोहा-लिस्बनचे ५,८१२ किलोमीटर कापायला पावणेआठ तास लागतील. तोच वारा पाठीशी असेल तर सहा तासांच्या वर थोडं. विमान तेच, अंतर तेच, दीड तासाहून जास्त फरक. पावसाळ्यात मात्र आपल्या दक्षिण भारतावर खूप उंचावर वारा उलट, पूर्वेकडून वाहतो. चवथीच्या सुमारास इथून पश्चिमेला निघालेल्या विमानाला सुरुवातीच्या टप्प्यात थोडी मदतच होते.

या सगळ्याचा मी एक घरगुती नियम करून ठेवलाय आणि तो आजवर दहा-पंधरा मिनिटांच्या आत बसलाय. पश्चिमेला जाताना किलोमीटर भागिले ८००, अधिक ४० मिनिटं. पूर्वेला येताना किलोमीटर भागिले ८८०, अधिक ४० मिनिटं. ती चाळीस मिनिटं कशाची? विमान दार लावून मागे सरकतं, धावपट्टीपर्यंत रांगतं, चढताना-उतरताना हळू असतं, उतरल्यावर पुन्हा जागेपर्यंत रांगतं, त्यांची. तिकिटावरची वेळही हीच असते: जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंत. चाकं जमिनीवरून उचलली ती वेळ नव्हे.

जाताना:
मोपा-दोहा: २,५४५ ÷ ८०० = ३ तास ११ मिनिटं, अधिक ४० = ३ तास ५० मिनिटं.
दोहा-लिस्बन: ५,८१२ ÷ ८०० = ७ तास १६ मिनिटं, अधिक ४० = ७ तास ५५ मिनिटं.

येताना:
लिस्बन-दोहा: ५,८१२ ÷ ८८० = ६ तास ३६ मिनिटं, अधिक ४० = ७ तास १५ मिनिटं.
दोहा-मोपा: २,५४५ ÷ ८८० = २ तास ५४ मिनिटं, अधिक ४० = ३ तास ३५ मिनिटं.

(पाच मिनिटांच्या पटीत बसवलंय, विमान कंपन्याही तेच करतात.) चाळीस मिनिटं दर टप्प्याला लागतात हे विसरू नका. एकूण अंतराला एकदाच भागाकार करणाऱ्या साइट इथे फसतात. थांबा वाढला की चढ-उतार वाढले.

पडताळा पाहायचा असेल तर फ्लाइटरडार२४वर त्या विमानाचा क्रमांक टाका आणि मागच्या आठवड्यात ते रोज खरोखर किती वेळात गेलं ते बघा. आठवडाभराचे आकडे समोर असले की भागाकाराचीही गरज उरत नाही.

पायरी पाचवी: एकच घड्याळ धरा

दुकानात सगळ्यात जास्त घोळ याच पायरीवर होतो, म्हणून सावकाश वाचा.

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. मोपाची वेळ भारताची, दोह्याची वेळ कतारची, लिस्बनची पोर्तुगालची. कतार आपल्यापेक्षा अडीच तास मागे, बारा महिने. पोर्तुगाल हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. ते लोक मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. म्हणजे चवथीला साडेचार, नाताळाला साडेपाच, आणि शिगमोच्या दिवसांत तारीख बघून ठरवायचं. आत्याच्या मुलाने दर वर्षी त्या एका रविवारनंतर आम्हाला पहाटे फोन करून उठवलंय.

समजा तिकीट असं आहे, डिसेंबरातलं: मोपा सुटणार ४.१५. दोहा पोचणार ५.३५. दोहा सुटणार ८.०५. लिस्बन पोचणार १३.००. सरळ वजाबाकी केली तर १३.०० उणे ४.१५ म्हणजे पावणेनऊ तास. माझ्याकडे येणारे हाच आकडा घेऊन येतात.

कागदाच्या मागे पेन्सिलीने सगळ्या वेळा भारताच्या करा. दोह्याच्या वेळेत अडीच तास मिळवा, लिस्बनच्या वेळेत साडेपाच:

मोपा सुटलं ४.१५
दोहा पोचलं ८.०५
दोहा सुटलं १०.३५
लिस्बन पोचलं १८.३०

आता वजाबाकी करा. सव्वाचौदा तास. त्यातले पावणेबारा विमानात, अडीच दोह्याच्या बाकावर. आत्याच्या गोळ्या आम्ही याच कागदावरून लावल्या. घड्याळाला हात लावायचा नाही, मनगटावर गोव्याचीच वेळ, सकाळची गोळी आठला, रात्रीची आठला. लिस्बनला पोचून दोन दिवस झाले की मग तिकडच्या डॉक्टरांना विचारून हळूहळू सरकवायची. ते डॉक्टरचं काम, आपलं नाही.

परतीचं उलट दिसतं. लिस्बन सुटणार १५.३०, दोहा पोचणार दुसऱ्या दिवशी १.४५, सुटणार ४.००, मोपा पोचणार १०.०५. बघणाऱ्याला वाटतं साडेअठरा तास! भारताच्या वेळेत लिस्बन सुटलं रात्री ९.००ला आणि मोपा आलं सकाळी १०.०५ला, म्हणजे तेरा तास पाच मिनिटं. जाण्यापेक्षा सत्तर मिनिटं कमी. त्यातली पंचावन्न वाऱ्याची, बाकी थांब्याची.

काट्यांचं घड्याळ असेल तर एक जुनी युक्ती आहे. मनगटावरचं घड्याळ फिरवून उलटं धरा, बारा खाली आणि सहा वर. भारताचे नऊ वाजले असतील तर उलटं वाचल्यावर साडेतीन दिसतात. तीच लंडन-लिस्बनची हिवाळ्यातली वेळ. उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवा. आकडे छापलेली तबकडी असेल तर जरा गोंधळ होतो, रेघांची असेल तर मस्त.

आणि हे ८३ अंश आठवतात? पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. ८३ भागिले १५ म्हणजे ५ तास ३२ मिनिटं. घड्याळातला फरक साडेपाच. इतकं जवळ येतं कारण भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंशांची आहे आणि गोवा तिच्या बऱ्याच पश्चिमेला, तर लिस्बनही स्वतःच्या प्रमाणवेळेच्या रेखांशापासून जवळजवळ तेवढंच पश्चिमेला. दोन्हीकडे माथ्यावरचा सूर्य घड्याळाच्या अर्धा तास मागे. याचा प्रवाशाला काहीही उपयोग नाही, पण मला हे सापडलं तेव्हा दुकान बंद करून घरी जाईपर्यंत आनंद टिकला होता.

पायरी सहावी: उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत

सव्वाचौदा तास हा विमान कंपनीचा हिशेब झाला. तुमचा याहून मोठा.

पहाटे ४.१५चं विमान म्हणजे तीन तास आधी, रात्री सव्वाएकला मोपावर. साखळीहून तासभर धरा, वर थोडा जादा. म्हणजे घरातून निघायचं ते मध्यरात्रीच्या ठोक्याला. आता तारीख बघा. तिकिटावर १५ तारीख असेल तर तुम्ही घराबाहेर पडणार १४च्या रात्री, जेवणं उरकून. आमच्या गल्लीतले एक काका १५ला संध्याकाळी नवी बॅग, नवा शर्ट घालून, देवाला नारळ ठेवून निघायच्या तयारीत होते. विमान चौदा-पंधरा तासांपूर्वी गेलेलं. तेव्हापासून मध्यरात्र ते पहाट सहा या वेळेतलं कुठलंही तिकीट आलं की मी कागदावर लाल पेनने लिहून देतो, "निघणे: आदल्या रात्री". वाराचं नावसुद्धा लिहितो.

दोह्याला अडीच तास पुरतात, पण एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे असतील तरच निर्धास्त राहा. दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडतात म्हणून घेतलीत आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबायला बांधील नाही. वेगळी तिकिटं घ्यायचीच असतील तर मधे निदान सहा तास ठेवा, आणि त्या देशात बाहेर पडून सामान घ्यायला व्हिसा लागतो का ते आधी पाहा.

लिस्बनला उतरल्यावर भारतीय पासपोर्टवाल्यांनी रांगेसाठी तास-दीड तास धरावा. पोर्तुगीज पासपोर्टवाले वेगळ्या रांगेतून सुटतात, मात्र सामान सगळ्यांचं एकाच पट्ट्यावर येतं, त्यामुळे आमसुलांची पिशवी आणि तुम्ही एकत्रच बाहेर पडणार. मेट्रोची लाल मार्गिका विमानतळापासूनच सुरू होते.

बेरीज करा: घर ते मोपा सव्वा तास, मोपावर तीन, प्रवास सव्वाचौदा, लिस्बनला दीड, तिथून घर पाऊण. पावणेएकवीस तास. विचारणाऱ्याला मी हाच आकडा सांगतो. अंतर विचारलं तर सांगतो, ते तुम्हाला कशाला हवंय?

परतीची एक गोष्ट राहिली. न्यायला येणाऱ्याला नुसतं "अमुक वाजता गोव्याला पोचतो" असं कळवू नका. पूर्वी गोवा म्हटलं की दाबोळी, ती सवय अजून पायात आहे. आत्या परत आली त्या दिवशी मी स्वतः, इतके कागद छापणारा माणूस, गाडी घेऊन झुवारीचा पूल ओलांडून दाबोळीला गेलो. तिचा फोन आला, "अरे, मी बाहेर उभी आहे, समोर नुसता माळ दिसतोय." तेव्हा डोक्यात उजेड पडला. परत मोपाला पोचायला वाटेतल्या गर्दीसकट दोन तास लागले. विमानाने वाऱ्यावर वाचवलेला तास मी रस्त्यात दुपटीने घालवला. आत्याने बॅगेवर बसून सोबतच्या पिशवीतलं सगळं केक-बिस्किट संपवलं होतं आणि रात्रीची गोळी मात्र ठरल्या वेळी, गोव्याच्या घड्याळाने, घेतली होती.

आता परतीच्या तिकिटाची मी दोन प्रिंट काढतो. एक प्रवाशाला, दुसरी न्यायला येणाऱ्याला. दुसऱ्या प्रतीवर जीओएक्स किंवा जीओआय याभोवती लाल गोल असतो. त्या प्रतीचे पैसे घेत नाही.